एकेचाळीस डब्या

पिशवीतून डॉक्टरीणबाईंनी जबडा बाहेर काढला आणि पहिलीतली दोन पोरं रडायला लागली.

जबडा कलिंगडाएवढा होता. गुलाबी हिरड्या, पांढरेफेक दात, मागं बिजागरी. बाईंनी तो उघडला, मिटला, परत उघडला. तिसरीतल्या एकानं विचारलं, हा कुणाचा? बाई म्हणाल्या, कुणाचा नाही, प्लास्टरचा आहे. पोरांना ते पटलं नाही. एवढे मोठे दात आहेत म्हणजे तेवढा मोठा माणूस कुठंतरी बोळका बसला असणार, असं चौथीच्या मयुरीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. मग त्या जबड्याला मामा असं नाव पडलं आणि रडणारी पोरंही मामाला हात लावायला पुढं सरकली.

मी व्हरांड्यात खिचडीच्या पातेल्याशी बसून बघत होते. शाळेत खिचडी शिजवायचं काम माझं. नाव तानुबाई, पण पोरं तानूमावशी म्हणायची. मार्च महिना होता, शाळा सकाळची. त्याला आता अठरा वर्षं झाली.

डॉक्टरीणबाई म्हणजे नसीमा मुलाणी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दातांच्या डॉक्टर, वय असेल सव्वीस-सत्तावीस. मामाला मांडीवर घेऊन एसटीनं आल्या होत्या. पिशवीत काय आहे म्हणून कंडक्टरनं विचारलं, यांनी उघडून दाखवलं, आणि शेजारची सीट आपोआप रिकामी झाली. वरून त्यांना ब्रश मिळाले होते दहा. शाळेत पोरं त्रेपन्न. फलक मात्र आठ फुटी मिळाला होता, त्यावर हसणाऱ्या साहेबांचा फोटो. साहेबांचे दात चांगले होते, एवढंच मी त्या फलकावरून शिकले.

बाईंनी फलक भिंतीला टेकवून ठेवला आणि त्याकडं परत बघितलंही नाही. तिथंच मला त्या आवडल्या. पोरांना गोल बसवलं, बोट म्हणजे ब्रश असं ठरवलं, वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर. त्रेपन्न पोरं तोंडात बोट घालून लाळ गाळत बसली. मग बाईंनी विचारलं, घरी आई, आजी कशानं दात घासतात? सगळी एका सुरात म्हणाली, मिश्री.

आमच्या गावात मिश्रीशिवाय बाईचा दिवस उजाडत नाही. तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा. पहाटे चिमूटभर घेऊन उंबऱ्यावर बसायचं आणि बोटानं दातांवर फिरवत राहायचं. कुणी दिवसाला एकदा, कुणी चारदा. मी चारदा.

बाई पोरांना सांगत होत्या, मिश्री म्हणजे तंबाखूच. गालात आत पांढरा चट्टा येतो, तिखट झोंबायला लागतं, आणि दुखत नाही म्हणून माणूस तिकडं लक्ष देत नाही. माझ्या हातातला डाव थांबला. सहा महिने झाले, माझा डावा गाल तिखटाला झोंबत होता. खिचडीची चव मी उजव्या बाजूनं बघायची आणि शिव्या मिरचीला द्यायची.

पण तोंड उघडायची सोय नव्हती. महिन्यापूर्वी वरून एक छापील कागद आला होता. खिचडी शिजवणाऱ्या बाईनं लिहून द्यायचं की मी तंबाखू, गुटखा, मिश्री यातलं काही सेवन करत नाही. खोटं निघालं तर काम बंद. आमच्या खरमाटे गुरुजींनी तो कागद मला वाचून दाखवला. वाचताना त्यांच्या डाव्या तळहातावर चुना-तंबाखू होता आणि उजव्या अंगठ्यानं ते तो मळत होते. म्हणाले, करा सही तानुबाई, वरून मागितलंय. मी केली. तंबाखू मळणाऱ्याच्या हातून कागद घेऊन तंबाखू न खाणारीची सही केली. कुणी माझ्या तोंडात बघितलं नाही. वरच्यांना तोंड नको होतं, कागद हवा होता.

आणि ते काम मला सोडायचं नव्हतं. कुणाला वाटेल पगारापायी. पगाराचं नाव काढू नका, तो ऐकून भिकारी हसेल. माझी शाळा दुसरीत सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरात बाई लागते आणि आमच्यात सात वर्षांची पोरगीसुद्धा बाईच असते. या व्हरांड्यात डाळ निवडत निवडत, खिडकीतून फळा बघत बघत मी चौथीच्या पुस्तकापर्यंत आले होते. काम गेलं असतं तर खिडकी गेली असती. म्हणून शाळेत आले की माझी डबी मी स्वयंपाकखोलीत, डाळीच्या डब्यामागं लपवून ठेवायची.

जाताना बाईंनी पोरांना घरचा अभ्यास दिला. उद्या येताना घरी दात कशानं घासतात ते थोडं घेऊन या, मी येऊन बघणार. त्यांच्या मनात असणार कागदाच्या पुडीत चिमूटभर. पण मयुरी चौथीची मॉनिटर होती. तिनं सुटीत सगळ्यांना बजावलं की चिमूट आणली तर बाईंना कळणार नाही कुणाची कुठली, डबीच आणायची.

दुसऱ्या दिवशी सातला गुरुजींच्या टेबलावर एकेचाळीस डब्या होत्या.

पावडरीच्या, मलमाच्या, गोळ्यांच्या, एक खोकल्याच्या औषधाची बाटली, एक चांदीची. बाकीच्या पोरांनी राख, मीठ, कडुनिंबाच्या काड्या आणल्या होत्या. एकानं आजोबांची कवळीच आणली होती, आजोबा झोपले होते म्हणून. पहिलीतल्यांनी तोवर दोन डब्या उघडल्या आणि अख्खा वर्ग शिंकायला लागला. गुरुजी घाबरले. त्यांना केंद्राच्या मीटिंगला जायचं होतं, शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर. त्यांनी सगळ्या डब्या लोखंडी कपाटात भरल्या, कुलूप लावलं, कवळी तेवढी परत पाठवली, मला म्हणाले पोरांना पाढे म्हणायला लावा, आणि किल्ली खिशात घालून फटफटीवर निघून गेले.

गावात काय झालं ते मला नंतर कळलं. बाया पहाटे उठल्या, कोनाड्यात हात घातला, डबी नाही. आपणच कुठं ठेवली असेल म्हणून प्रत्येकीनं आधी घर उलथंपालथं केलं. मग शेजारणीकडं चिमूट मागायला निघाली, तर शेजारीणच दारात, चिमूट मागायला निघालेली. कुणाचं डोकं चढलं, कुणाचं पोट साफ होईना. दोन घरांत चहा उतू गेला, एका सासूनं सुनेला चोर म्हटलं. आठाच्या सुमाराला कुणाच्या तरी बारक्या पोरानं सांगून टाकलं की ताईनं डबी दप्तरात घातली.

साडेआठला बाया शाळेच्या फाटकात होत्या. पुढं बायडाक्का.

बायडाक्का म्हणजे सरपंचाची आई आणि मयुरीची आजी. सत्तरी ओलांडलेली, काठीसारखी सरळ. तिचा लेक सरपंच होता आणि शाळा समितीचा अध्यक्षही. म्हणजे मला कामावर ठेवायचं की काढायचं, ते कागदावर लेक ठरवायचा आणि खरं म्हातारी ठरवायची. चांदीची डबी तिचीच.

"कुठं हाय तुझा मास्तर?" ती मला म्हणाली.

मी सांगितलं मीटिंगला गेलेत, किल्ली त्यांच्यापाशी. साडेअकराला येतील. बायांनी कपाळाला हात लावला. कोंडाबाई नावाची माझ्याच वयाची एक होती, ती म्हणाली कपाट फोडू. दोघीतिघींनी कपाट ढकलून बघितलं. ते सरकारी कपाट, आत एक हजेरीपट असतो आणि वजन हत्तीचं. वर्गात पोरं बे एके बे म्हणत होती आणि प्रत्येक पोर आईची नजर टाळत होतं.

सबंध गावात त्या घडीला मिश्रीची एकच डबी मोकळी होती. माझी. डाळीच्या डब्यामागं. पहाटे घरून निघायच्या घाईत मीही घासली नव्हती आणि माझंही डोकं ठणकत होतं. पण चाळीस बायांच्या नाकासमोर ती डबी काढायची म्हणजे दवंडी.

एवढ्यात नवाच्या एसटीनं डॉक्टरीणबाई आल्या. फाटकातच त्यांना सगळं कळलं. तीनजणींनी तीन बाजूंनी सांगितलं आणि चौथीनं बोटं मोडली. दुसरी असती तर पुढच्या एसटीत चढली असती. ह्या बाई आधी घाबरल्या, माफी मागितली, म्हणाल्या माझीच चूक, मी नीट सांगायला हवं होतं. मग बायांच्या तोंडांकडं बघायला लागल्या. मला वाटतं तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं. एकेचाळीस बाया, सकाळचे नऊ, आणि एकीच्याही तोंडात मिश्री नाही. असं आमच्या गावात आजीच्या आजीपासून झालं नसेल.

त्यांनी पिशवीतून मामाला काढून बाकावर ठेवलं, मग बॅटरी आणि बारका आरसा काढला. म्हणाल्या, किल्ली येईपर्यंत बसायचंच आहे तर एकेकीचं तोंड बघते.

कुणी हललं नाही. बाईनं परक्यापुढं आ करायचा, हे आमच्यात नागडं होण्यासारखं. जेवतानासुद्धा आम्ही भिंतीकडं तोंड करून जेवतो.

"माज्या तोंडात माजा नवरा कदी डोकावला न्हाय," बायडाक्का म्हणाली, "तू कोन टिकोजीराव?"

बाया हसल्या. बाईही हसल्या. मग त्यांनी साधंच विचारलं, पण तुम्ही घासता तरी कशासाठी? खरं सांगा. दातांसाठी तर नाही.

कुणी पोट म्हणालं, कुणी सवय. मला राहवलं नाही. कालपासून आत काहीतरी तटतटलं होतं, ते बाहेर आलं.

"बाई, तोंडात मिश्री असली की बाईला कुणी हाक मारत नाही. मारली तरी ओ देता येत नाही. तेवढा पाव तास ती बसती. मिश्री नसती तर आमच्यातल्या एकीनंही उंबऱ्यावर बूड टेकलं नसतं."

कोंडाबाई मान खाली घालून बांगडी फिरवायला लागली.

बायडाक्कानं मात्र डोळे बारीक केले. "तुला गं काय ठावं? तू तर घासत न्हाईस. सई केलीयास मास्तरच्या कागदावर. माज्या लेकानं सांगितलंय."

म्हातारीला सगळं ठाऊक होतं. माझ्या डबीतली चिमूट तिनं शंभर वेळा घेतली होती. वर सांगायची, तानी, तुजा तवा चांगला हाय. ती मला पकडत होती आणि तिला मजा येत होती. चाळीस बाया माझ्याकडं बघत होत्या. वर्गाच्या दारात पोरं जमली होती, बे दुणे कधीच थांबलं होतं. मयुरी पुढं होती. मी नाही म्हटलं असतं तर बायडाक्का हसली असती आणि गोष्ट तिथंच मिटली असती. काम राहिलं असतं, खिडकी राहिली असती, आणि गालही तसाच राहिला असता.

मी स्वयंपाकखोलीत गेले. डाळीचा डबा सरकवला. डबी आणली आणि व्हरांड्यातल्या बाकावर ठेवली.

"घासते," मी म्हटलं. "दिवसातनं चारदा. सही खोटी हाय."

मग बाईंच्या समोर पाटावर बसले आणि आ केला.

कधी नव्हे ते उजेड माझ्या तोंडात गेला. बाईंनी आरशानं गाल बाजूला केला, डाव्या बाजूला आल्या आणि थांबल्या. बॅटरी हलली नाही. चेहराही त्यांनी हलू दिला नाही, पण हनुवटी धरलेली बोटं घट्ट झाली. हळूच विचारलं, किती महिने झाले? मी बोटांनी सहा दाखवले. त्या म्हणाल्या, मावशी, बरं झालं आज दाखवलंत. एवढंच. पुढचं त्यांनी मला नंतर एकटीला सांगितलं.

मी उठले तेव्हा पाटाशी मयुरी उभी होती. तिनं आजीचा हात धरला होता. "आज्जे, आ कर. मामा बी करतोय." आणि खरंच तिनं दुसऱ्या हातानं तो कलिंगडाएवढा जबडा सताड उघडून धरला होता.

बायडाक्का माझ्याकडं बघत होती. डोळ्यांतली मजा गेली होती. नुसती माझी सहीच खोटी निघाली नव्हती, आणखी काहीतरी निघालं होतं, हे तिनं बाईंच्या बोटांवरून ओळखलं असणार. म्हातारी पदर सावरून पाटावर बसली आणि तिनं तोंड उघडलं. आत तीन दात. पोरांनी मोठ्यानं मोजले. बाईंनी तिच्या हिरड्या, गाल, जीभ सगळं बघितलं आणि म्हणाल्या, आज्जी, तुमचं तोंड साफ आहे.

"मिश्रीनं," बायडाक्का म्हणाली.

मग बाया बसायला लागल्या. ज्या लाजत होत्या त्यांना त्यांच्या पोरांनी ओढून आणलं. कालचा धडा पोरांना पाठ होता. वरचे वरून, खालचे खालून, अशी पोरं आयांना शिकवत होती, चुकलं की डाफरत होती, आणि रोज त्याच तोंडांचं डाफरणं खाणाऱ्या पोरांना किती गोड लागत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एकानं आईच्या तोंडात बोट घातलं आणि आई चावली. मी खिचडी शिजवली. त्या दिवशी ती त्रेपन्न पोरं आणि एकेचाळीस बायांत वाटली, त्यामुळं कुणाचंच पोट भरलं नाही आणि कुणी तक्रार केली नाही.

तिघींना बाईंनी जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. एक मी, एक कोंडाबाई, एक पलीकडच्या वस्तीवरची.

साडेअकराला गुरुजी आले. फाटकातली गर्दी बघून ते फटफटी वळवणार होते, पण बायांनी घेरलं. कपाट उघडलं. आणि इथं मी खोटं लिहिणार नाही. शहाण्यासुरत्या गोष्टीत बाया डब्या गटारात रिकाम्या करतात. आमच्या बायांनी झडप घातली. निम्म्या जणींनी तिथंच व्हरांड्यात, डॉक्टरीणबाईंच्या समोर बोटं फिरवायला सुरुवात केली. बाई बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की हसू, मला कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, तोंड दाखवलं ना, आज एवढंच. उद्या परत या.

बाकावर एकच डबी उरली, माझी. बायडाक्कानं ती उघडली, हुंगली आणि कमरेला खोवली. "टाकायची कशाला," म्हणाली, "चांगली भाजल्याली हाय."

माझा चट्टा त्याच महिन्यात कापून काढला, चार टाके पडले. अजून तिखट खाते, दोन्ही बाजूंनी. पलीकडच्या वस्तीवरचीही वाचली. कोंडाबाईला नवऱ्यानं जाऊ दिलं नाही. तोंड दाखवायला जिल्ह्याला कशाला जायचं, म्हणाला, इथं काय कमी दाखवती. दोन वर्षांनी तिच्या तेराव्याला त्यानं जेवण चांगलं केलं. मी जेवले नाही. त्याच्या तोंडावर सांगून आले का जेवले नाही ते.

पण हे सगळं नंतरचं. त्या आठवड्यातल्या शनिवारी शाळा समिती बसली. विषय एकच, तानुबाईनं खोटी सही केली. सरपंच अध्यक्षाच्या खुर्चीत, गुरुजी शेजारी, मी दाराशी उभी. सरपंचानं नियम वाचला, घसा साफ केला. त्याला काढायचंही नव्हतं आणि वरच्यांचं भ्यावही होतं. तेवढ्यात बायडाक्का आत आली. समितीत ती कुणीच नव्हती. उभ्या उभ्याच लेकाला म्हणाली, "हिला काढलीस तर सोमवारपास्नं खिचडी तू शिजीव. आन चव बी तूच बघ." आणि गेली.

सरपंचानं नियमाची घडी घातली. म्हणाला, जुना कागद रद्द करू, नवा भरून घ्या. गुरुजींनी तोच छापील कागद काढला. मी म्हटलं, हा नको, कोरा द्या. म्हणाले, नमुना ठरलेला आहे. मी म्हटलं, ठरलेल्या नमुन्यानंच मागच्या वेळी खोटं झालं.

कोरा कागद मिळाला. टेबलाशी बसून मी लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर, खिडकीतून शिकलेलं. मी मिश्री घासत होते. दिवसातून चारदा. आठ तारखेपासून बंद केली आहे. तानुबाई.

सरपंचानं वाचलं, मान हलवली. मी कागद परत घेतला, गुरुजींच्या पुढं सरकवला आणि माझ्या सहीच्या खालची रिकामी जागा बोटानं दाखवली.

"गुरुजी, तुमच्यापुरती जागा सोडलीय."

गुरुजींनी कागदाकडं बघितलं. मग सरपंचाकडं बघितलं. मग त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडं गेला, पेनासाठी, आणि खिशातून आधी बाहेर आली ती चुन्याची डबी.